पॅराफ्रेज : एका इंग्रजी शब्दाची चिकित्सा

इंग्रजी शाळेंत शिकलेल्या आपल्याकडील कित्येक पिढ्यांना ‘पॅराफ्रेज’ हा शब्द प्रथम भेटला तो परीक्षेच्या कागदावर. वर आठ-दहा ओळींची एक कविता, खालीं तिचा पॅराफ्रेज करा अशी एका ओळीची आज्ञा, आणि समासांत गुणांचा आंकडा. शब्दाचा अर्थ कोणी सांगितला नाहीं व कोणी विचारलाहि नाहीं. कारण काय करावयाचें हें सर्वांस ठाऊक होतें. कवितेंतील कठीण शब्द काढून सोपे घालावयाचे, उलटसुलट झालेली वाक्यरचना सरळ करावयाची, उपमा-रूपकें मोडून त्यांच्या पोटांतील गोष्ट बाहेर काढावयाची, आणि आरंभीं ‘कवि असें म्हणतो कीं’ हें पागोटें चढवावयाचें. इतकें केलें कीं गुण मिळत. या आज्ञेनें मुलांना इंग्रजी किती आलें याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. परंतु तिनें एक गोष्ट न बोलतां शिकविली, व ती मात्र पक्की शिकविली. ती ही, कीं कविता म्हणजे एका साध्या गोष्टीला घातलेले दागिने, आणि दागिने उतरविल्यावर हातीं जें राहतें तोच तिचा अर्थ.

हीच समजूत पुढें मराठी कवितेच्या तासालाहि येऊन बसली. बाजारांत मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांत कवितेचा गद्य अर्थ तयार छापलेला असतो, आणि पुष्कळ विद्यार्थी आधीं तो अर्थ पाठ करून मग सवड झाल्यास कवितेकडे वळतात. शिक्षकांना दोष देण्याचा येथें हेतु नाहीं. मुलांनीं भरलेल्या वर्गांत, ठरलेल्या तासांत, कवितेचें दुसरें काय करावें हा प्रश्न सोपा नाहीं. परंतु ज्या शब्दाच्या नांवावर हें सर्व चालतें तो शब्द मुळांत असें कांहीं सांगत नाहीं. किंबहुना त्याच्या पोटांत याच्या उलट सूचना आहे. म्हणून त्याचें कूळ व त्याची आजवरची वागणूक जरा जवळून पाहणें अगत्याचें वाटतें.

शब्द मूळचा ग्रीक. ‘पॅरा’ म्हणजे शेजारीं, बाजूस. आणि उरलेला भाग ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ दाखविणें, सांगणें. ग्रीकमधून लॅटिनमध्यें, लॅटिनमधून फ्रेंचमध्यें व तेथून सोळाव्या शतकांत इंग्रजींत, असा त्याचा प्रवास झाला. ‘पॅरा’ हा उपसर्ग इंग्रजी वाचणारांच्या परिचयाचा आहे. एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या रेषा त्या ‘पॅरलल’. दुसऱ्याच्या अन्नाशेजारीं जाऊन बसणारा तो ‘पॅरासाइट’. तेव्हां पॅराफ्रेज म्हणजे शेजारीं ठेवलेलें बोलणें. जागा मूळ वाक्याची. हें दुसरें वाक्य त्याच्या बाजूला पाट मांडून बसतें. मुळाला उठवून त्याच्या पाटावर बसण्याचा अधिकार या शब्दानें कोणास दिलेला नाहीं.

याच्या भाऊबंदांशीं त्याची नेहमीं गल्लत होते, ती येथेंच दूर करावी हें बरें. ‘रीस्टेट’ करणें म्हणजे एकदां सांगितलेलें पुन्हां, बहुधा अधिक नेमकें, सांगणें. आणि सांगणारा पुष्कळदां तोच असतो. ‘रीइटरेट’ करणें म्हणजे जोर देऊन तेंच तें सांगणें; तेथें शब्द बदलण्याचीहि गरज नसते. ‘प्रेसी’ हा फ्रेंच पाहुणा छाटणीचें काम करतो व शाळेंत उताऱ्याला मुळाच्या एक-तृतीयांश लांबीवर आणून सोडतो. ‘पेरिफ्रेसिस’ म्हणजे वळसा घालून बोलणें, आपल्या पर्यायोक्ताच्या जवळपासचें. पॅराफ्रेजमध्यें बोलणारा दुसरा असतो, आशय मात्र मुळाचाच राखावयाचा असतो, आणि लांबीचें बंधन नसतें. तो बहुधा मुळापेक्षां लांबच होतो. हल्लीं इंग्रजी भाषणांत ‘अमक्याचा पॅराफ्रेज करून सांगावयाचें तर’ असें म्हणून एखादें प्रसिद्ध वचन आपल्या सोयीनें फिरविण्याची चाल रूढ आहे. तेथें आशयच बदललेला असतो व श्रोत्यांनाहि तें माहीत असतें. ही थट्टेची गोष्ट. तिच्याविषयीं तक्रार नाहीं.

शब्दांतर केल्यानें लाभ होतो कीं हानि, हा वाद शाळामास्तरांनीं काढलेला नव्हे. तो दोन हजार वर्षांचा जुना आहे. सिसेरोनें इ.स.पूर्व ५५ मध्यें वक्तृत्वावर जो संवादरूप ग्रंथ लिहिला, त्यांत क्रॅसस हा थोर वक्ता आपल्या तरुणपणची हकीकत सांगतो. एखादी कविता किंवा एखादें भाषण, स्मरणांत राहील इतकें वाचावें, आणि मग तोच विषय शक्य तितक्या निराळ्या शब्दांत बोलून दाखवावा, असा त्याचा अभ्यास असे. पण लवकरच त्याच्या ध्यानांत आलें कीं, त्या विषयाला शोभणारे उत्तमोत्तम शब्द कवि एनियसनें किंवा वक्ता ग्रॅकसनें आधींच उचललेले आहेत. तेच शब्द वापरावे तर व्यायाम व्यर्थ. दुसरे वापरावे तर हलक्या प्रतीच्या शब्दांची जिभेला सवय लागणार. म्हणून त्यानें हा नाद सोडला व ग्रीक भाषणें लॅटिनमध्यें उतरविण्याचा अभ्यास धरला. तेथें निदान चांगले लॅटिन शब्द कोणी आधीं पळविलेले नव्हते.

सुमारें दीडशें वर्षांनीं क्विंटिलियन या रोममधील शिक्षकानें आपल्या वक्तृत्वशिक्षणावरील ग्रंथाच्या दहाव्या भागांत यास उत्तर दिलें. त्याचें म्हणणें असें कीं, भाषा एवढी दरिद्री नाहीं. एखादी गोष्ट एकदां उत्तम सांगितली गेली म्हणजे ती उत्तम सांगण्याच्या बाकीच्या वाटा बंद होत नाहींत. पॅराफ्रेज म्हणजे निव्वळ अर्थ लावणें, हें त्याला मान्य नव्हतें. तो त्याला मुळाशीं केलेली झुंज मानी. आणि या झुंजींत हरण्याचाहि त्याच्या मतें लाभच आहे. नुसतें वाचणारा ज्या ठिकाणावरून डोळा फिरवून पुढें जातो, तेथें झुंजणाऱ्याला थांबावें लागतें. आणि जें आपल्याकडून साधतच नाहीं, त्याच्या न साधण्यावरूनच मुळांतील गुण केवढा हें त्यास कळतें.

आम्हांस वाटतें, या वादांत दोघेहि एकाच वस्तूकडे पाहत आहेत. दुसरे शब्द सांपडेनात याचा क्रॅससला उबग आला. क्विंटिलियनला त्याच न सांपडण्यांत शिक्षण दिसलें. परीक्षेच्या कागदानें मात्र दोघांचेंहि ऐकलें नाहीं. त्यानें झुंज काढून टाकली व हरण्याची शक्यताहि काढून टाकली. प्रत्येक मुलानें प्रत्येक कवितेवर दर वर्षीं विजय मिळवावा, अशीच त्याची अपेक्षा असते.

शेजारच्या वाक्यानें मुळाची जागा कशी घ्यावी याचें ठळक उदाहरण ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या इतिहासांत आहे. इरॅस्मस या डच पंडितानें १५१७ ते १५२४ या काळांत बायबलच्या नव्या करारांतील, शेवटचें प्रकटीकरणाचें पुस्तक खेरीज करून, सर्व पुस्तकांचे लॅटिन पॅराफ्रेज लिहिले. भाष्यकार ‘येथें पौल असें म्हणतो’ असें सांगून आपलें व पौलाचें अंतर राखतो. इरॅस्मसनें तें अंतर ठेविलें नाहीं. पौलाच्या पत्राचा विस्तार त्यानें पौलाच्याच तोंडीं, ‘मी’ म्हणून, घातला. पौल कोठें संपला व इरॅस्मस कोठें सुरू झाला, हें मूळ ग्रंथ उघडून शेजारीं ठेवल्यावांचून कळूं नये, अशी ही रचना. १५४७ मध्यें सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दींत असा हुकूम निघाला कीं, इंग्लंडमधील प्रत्येक पॅरिशच्या चर्चमध्यें इंग्रजी बायबल, व त्याच्या जोडीला शुभवर्तमानांवरील इरॅस्मसचे पॅराफ्रेज इंग्रजींत, ठेवावे. पुढच्याच वर्षीं त्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड बाहेर पडला. त्यांतील योहानाच्या शुभवर्तमानाच्या भागाला पुढें राणी झालेल्या मेरीचा हात लागलेला होता. विंचेस्टरचा बिशप गार्डिनर यानें या पुस्तकाविरुद्ध कडक तक्रारी केल्या. त्या तक्रारींतील धर्मकारणांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. पण जें पुस्तक राजाज्ञेनें धर्मग्रंथाच्या शेजारीं मांडलें जातें, व ज्यांत बोलणारा स्वतःला प्रेषिताच्या नांवानें ‘मी’ म्हणतो, त्याचे शब्द हळूहळू प्रेषिताचेच म्हणून तोंडोतोंडीं फिरूं लागले तर नवल नाहीं.

याच्या उलट वर्तन १९७१ मधील एका अमेरिकन पुस्तकाचें. केनेथ टेलर या गृहस्थानें आपल्या मुलांना समजावें म्हणून, हिब्रू-ग्रीक मुळावरून नव्हे तर १९०१ च्या अमेरिकन स्टँडर्ड नांवाच्या इंग्रजी पाठावरून, सोप्या इंग्रजींत बायबल लिहून काढलें. ‘दि लिव्हिंग बायबल’ या नांवानें तें लाखों प्रतींनीं खपलें. त्याच्या नांवाला लागूनच ‘पॅराफ्रेज्ड’ असा शब्द छापलेला असे. पंडितांनीं त्याच्यावर हवी तेवढी टीका करावी. पण बाटलीवर औषधाचें नांव लिहावें तसा तो शब्द तेथें होता, आणि हा त्याचा प्रामाणिक उपयोग होय.

इरॅस्मसचा ‘मी’ आपल्या वर्तमानपत्रांत रोज भेटतो, हें येथें जातां जातां सांगावेंसें वाटतें. इंग्रजी पत्रांत वक्त्याचे प्रत्यक्ष शब्द अवतरणचिन्हांत घालण्याचा व बाकीचें परोक्ष रीतीनें सांगण्याचा दंडक आहे. तेथें पॅराफ्रेज सुरू झाला कीं क्रियापदाचा काळ व पुरुष बदलतो आणि वाचक सावध होतो. मराठीचा स्वभाव निराळा. ‘मी राजीनामा देणार नाहीं, असें ते म्हणाले’ हें आपलें सरळ, स्वाभाविक वाक्य. त्यांतला ‘मी’ वक्त्याचा. परंतु शब्द वक्त्याचे कीं बातमीदाराचे, हें वाक्याच्या रचनेवरून कळत नाहीं. गृहस्थ कदाचित् इतकेंच बोलले असतील कीं, तूर्त तो विचार मनांत नाहीं. दुसऱ्या दिवशीं ‘मी असें म्हणालोंच नाहीं’ असा खुलासा येतो, आणि पुष्कळदां दोघेहि आपापल्या परीनें खरे असतात. मराठीनें इंग्रजीचें व्याकरण उसनें घ्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. अवतरणचिन्हें मात्र काटकसर न करतां वापरावीं.

इंग्रजी साहित्यविचारांत या शब्दाला निश्चित जागा दिली ती ड्रायडननें. ओव्हिडच्या पत्रकाव्यांचीं इंग्रजी भाषांतरें १६८० मध्यें निघालीं, त्यांच्या प्रस्तावनेंत त्यानें भाषांतराचे तीन प्रकार केले. शब्दास शब्द ठेवणें तो ‘मेटाफ्रेज’. मूळ लेखक डोळ्यांआड होऊं न देतां त्याच्या शब्दांपेक्षां आशयाला धरून चालणें तो ‘पॅराफ्रेज’. आणि शब्द व आशय दोहोंचीहि सोबत हवी तेव्हां सोडून मुळाच्या सुतावर आपलें स्वतःचें वस्त्र विणणें ती ‘इमिटेशन’. पहिल्याचें उदाहरण त्यानें बेन जॉन्सनच्या होरेसचें दिलें, दुसऱ्याचें वॉलरच्या व्हर्जिलचें, तिसऱ्याचें काउलीच्या पिंडरचें. शब्दशः भाषांतर करणें हें पायांत बेड्या घालून दोरीवर नाचण्यासारखें आहे, अशी पहिल्या प्रकाराची थट्टा करून त्यानें आपला कौल मधल्या प्रकारास दिला आहे. (ड्रायडनचें म्हणणें येथें आमच्या शब्दांत आलें, म्हणजे हाहि एक पॅराफ्रेजच.)

मराठी वाचकाला हे प्रकार समजून घेण्यास इंग्लंडपर्यंत जावें लागत नाहीं. एका गीतेच्याच भोंवतीं ते सर्व आपल्याकडे जमलेले आहेत. वामनपंडितांची समश्लोकी श्लोकास श्लोक ठेवते. विनोबांची १९३२ मध्यें प्रसिद्ध झालेली गीताईहि श्लोकाच्या मापानेंच चालते. ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ.स. १२९० च्या सुमारास, गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारें ९,००० ओव्यांचा विस्तार केला, व तो ग्रंथ ‘भावार्थदीपिका’ या नांवानें ओळखला गेला. पुढें वामनपंडितांनीं आपल्या विस्तृत गीताटीकेला ‘यथार्थदीपिका’ म्हटलें. एका नांवांत भाव, दुसऱ्यांत यथार्थता. दोन नांवें शेजारीं ठेवलीं तरी शब्दांतर करणाऱ्याची निष्ठा कशाशीं असावी हा वाद डोळ्यांपुढें उभा राहतो.

ज्ञानेश्वरी हा गीतेचा पॅराफ्रेज म्हणावा काय? ड्रायडनच्या पट्टीनें मोजूं गेल्यास ती कधीं मधल्या प्रकारांत बसते, कधीं तिसऱ्यांत शिरते, आणि पुष्कळदां पट्टीच बाजूला ठेवावी लागते. गीतेच्या एखाद्या पदावर दृष्टान्तामागून दृष्टान्त येऊं लागतात, आणि पहिल्या दृष्टान्तानें अर्थ स्पष्ट झालेला असूनहि पुढचे दोन नकोसे होत नाहींत. ‘कवि असें म्हणतो कीं’ या पद्धतीला हें परवडणार नाहीं. तरीहि ज्ञानेश्वरी गीतेला उठवून तिच्या जागीं बसलेली नाहीं. छापील प्रतींत वर संस्कृत श्लोक व त्याखालीं ओव्या, अशी मांडणी आपण पाहतों; आणि एवढ्या प्रतिभेचा कवि ग्रंथाच्या शेवटीं आपण व्यासांच्या मागोमाग चालत आल्याचेंच सांगतो. काळाची गंमत अशी कीं, आतां त्याच ओव्यांच्या शेजारीं ‘सार्थ’ ज्ञानेश्वरींतला गद्य अर्थ येऊन बसला आहे. एके काळीं शेजारीं बसलेला ग्रंथ आज स्वतः मूळ झाला. आणि त्याचा गद्य अर्थ कितीहि बिनचूक असला तरी ओवी वाचावयाची राहतेच.

या राहून जाण्यावरच अमेरिकेंत एक मोठें रण माजलें. ए. सी. ब्रॅडले यानें १९०१ मध्यें ऑक्सफर्ड येथील आपल्या पहिल्या व्याख्यानांत कवितेचा आशय व तिचें रूप एकमेकांपासून सोडवून काढतां येत नाहींत असें प्रतिपादन केलें होतें. क्लिअंथ ब्रुक्स या टीकाकारानें १९४७ मध्यें तो मुद्दा हातांत शस्त्रासारखा घेतला. ‘दि वेल रॉट अर्न’ या त्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाचें नांवच ‘दि हेरसी ऑफ पॅराफ्रेज’, म्हणजे पॅराफ्रेजचें पाखंड. गद्य अर्थ हाच कवितेचा गाभा व बाकीचें सर्व वेष्टन, या समजुतीला त्यानें पाखंड म्हटलें. पॅराफ्रेज खुणेपुरता, बोट दाखविण्यापुरता वापरावा, आपण काय करीत आहों याचें भान मात्र असावें, एवढें तो स्वतः मान्य करतो. परंतु घोषणा जितकी दूर जाते तितक्या तिच्या अटी जात नाहींत. पुढें पुढें सुशिक्षितांत असा एक वर्ग झाला कीं, ज्याला कवितेचा अर्थ विचारणें हेंच अरसिकपणाचें लक्षण वाटूं लागलें. हें टोंक आम्हांस पहिल्याइतकेंच घातक वाटतें. ज्याला कवितेचा साधा अर्थ सांगतां येत नाहीं त्यानें तिच्या अनिर्वचनीयतेची साक्ष देऊं नये. त्या भारदस्त शब्दाच्या आडोशाला आळस फार सुखानें राहतो.

या दोन टोंकांच्या मधली वाट आपल्या अलंकारशास्त्रांत पूर्वींच पडलेली आहे. देशाभिमानासाठीं तिचा उल्लेख करीत नाहीं. ती आजहि चालण्यासारखी आहे म्हणून करतों. काश्मीरचा मम्मट हा अकराव्या शतकांतला. आपल्या काव्यप्रकाशांत श्लेष शब्दाचा कोणता व अर्थाचा कोणता, हें ठरवितांना तो एक कसोटी लावतो. शब्द काढावा व त्याच्या जागीं त्याच अर्थाचा दुसरा घालावा. चमत्कार टिकला तर तो अर्थाचा. नाहींसा झाला तर तो शब्दाचा. शब्दाच्या या बदल सोसण्याच्या गुणाला शास्त्रांत ‘परिवृत्तिसहत्व’ असें नांव आहे. उदाहरण आमच्याच पदरचें देतों. ‘नव्या राजाचा कर प्रजेच्या डोक्यावर आहे’ या वाक्यांत तो कर आशीर्वादाचा कीं वसुलीचा, असा खेळ आहे. ‘कर’ काढून ‘हात’ घातला किंवा ‘पट्टी’ घातली कीं खेळ संपला. पण ‘फळांनीं लगडलेलें झाड व विद्येनें संपन्न मनुष्य, दोन्ही वांकतात’ येथें ‘वांकतात’ काढून ‘लवतात’ म्हणा कीं ‘झुकतात’ म्हणा, दुहेरी अर्थ शाबूत राहतो. मम्मटाच्याहि आधीं वामनानें याच्या पुढची गोष्ट सांगून ठेविली आहे. शब्द ठेवावा, काढावा, पुन्हां ठेवावा, असें कवीचें मन डळमळत असतें तोंवर रचना कच्ची. जेव्हां तिच्यांतला शब्द बदल सोसेनासा होतो तेव्हां ती पिकली. या पिकण्याला तो ‘शब्दपाक’ म्हणतो.

पॅराफ्रेजचा खरा उपयोग या कसोटींत आहे. मम्मट शब्द बदलतो तो नवें वाक्य जुन्याच्या जागीं बसविण्यासाठीं नव्हे, तर काय बदलतां येतें व काय येत नाहीं हें पाहण्यासाठीं. परीक्षक विद्यार्थ्याच्या उत्तरांत जें राखलें गेलें तें मोजतो. मम्मटाचें लक्ष जें निसटलें त्याकडे असतें. आणि ही गोष्ट केवळ श्लेषापुरती नाहीं. ‘आई गेली’ असें मुलगा दारांत उभा राहून सांगतो. ‘मातोश्रींना देवाज्ञा झाली’ असें कार्डावर छापतात. ‘यांचें निधन झालें’ असें वर्तमानपत्र लिहितें. तिन्हींत बातमी एकच, व परीक्षेच्या दृष्टीनें तिन्हींस सारखेच गुण. परंतु ‘गेली’ या शब्दांत घर मागें राहिल्याची जी छाया आहे, ती ‘निधना’त नाहीं. तिन्हीं वाक्यें एकाखालीं एक लिहून पाहिल्यावांचून ही छाया बोटानें दाखवितां येत नाहीं. म्हणजे शब्दांतर केलें म्हणूनच ज्याचें शब्दांतर होत नाहीं तें सांपडलें. पॅराफ्रेज टाकून देणाऱ्याला तें सांपडणार नाहीं, आणि पॅराफ्रेजवर संतुष्ट होणाऱ्यालाहि नाहीं.

शब्द बदलले म्हणजे वस्तु बदलली काय, या प्रश्नाचा निकाल एकदां न्यायालयालाहि करावा लागला. इयन हॅमिल्टन हा इंग्रज कवि व टीकाकार, जे. डी. सॅलिंजर या अमेरिकन कादंबरीकाराचें चरित्र लिहीत होता. सॅलिंजरचीं अप्रकाशित पत्रें विद्यापीठांच्या ग्रंथालयांत त्याला मिळालीं व त्यानें त्यांतून उतारे घेतले. सॅलिंजर हा लोकांच्या नजरेपासून दूर राहणारा मनुष्य. त्यानें हरकत घेतली. तेव्हां हॅमिल्टननें बहुतेक उतारे काढून त्यांच्या जागीं पॅराफ्रेज घातले. तरीहि खटला झाला. खालच्या न्यायालयानें चरित्रकाराच्या बाजूनें कौल दिला. तो १९८७ मध्यें अपील-न्यायालयानें फिरविला. पत्रांतील माहिती कोणींहि सांगावी. पण ती सांगण्याची धाटणी पत्र लिहिणाऱ्याची, आणि ती या पॅराफ्रेजांत फार जवळून उचलली आहे, असा त्या निकालाचा आशय. चरित्र त्या रूपांत निघालें नाहीं. १९८८ मध्यें तें पालटून, सॅलिंजरच्या शोधाचीच हकीकत होऊन बाहेर पडलें. अप्रकाशित लिखाणाच्या वाजवी वापरासंबंधींच्या अमेरिकन कायद्यांत १९९२ मध्यें दुरुस्ती होऊन त्याची करडी बाजू थोडी मऊ झाली, हेंहि नमूद केलें पाहिजे.

हॅमिल्टनची अडचण विचार करण्यासारखी आहे. पत्राचा रस राखावा तर ती उचल ठरते. रस सोडावा तर चरित्र रुक्ष होतें. क्रॅससला पडलेलें कोडें दोन हजार वर्षांनीं वकिलांच्या दप्तरांत पुन्हां वर आलें. निकाल चरित्रकारांवर जरा कठोर झाला असें आम्हांस वाटतें. परंतु चांगला पॅराफ्रेज मुळाच्या जितका जवळ जातो तितकें त्याचें ऋण वाढतें, व तें ऋण शब्दांपुरतें नसतें, ही त्यांतली दृष्टि खोटी म्हणतां येणार नाहीं.

आणि नेमकी हीच दृष्टि आज लोपत चालली आहे. महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना सांगतात कीं, दुसऱ्याचें लिखाण जसेंच्या तसें उतरवूं नका, पॅराफ्रेज करा. सांगणाराचा हेतु चांगला असतो : वाचा, समजून घ्या, पुस्तक मिटा, आपल्या शब्दांत लिहा, आणि विचार कोणाचा तें सांगा. ऐकणारा मात्र एवढेंच ऐकतो कीं, शब्द बदलले म्हणजे माल आपला. प्रबंधांतील उचलेगिरी पकडणाऱ्या संगणकीय प्रणाली शब्दांची जुळणी तपासतात. तेव्हां ती जुळणी मोडून देणाऱ्या दुसऱ्या प्रणालीहि निघाल्या आहेत. एका बाजूनें उतारा आंत घातला कीं क्षणार्धांत दुसऱ्या बाजूनें तोच उतारा पर्यायशब्दांचे कपडे घालून बाहेर पडतो. याला पॅराफ्रेज म्हणणें म्हणजे चोरीच्या भांड्यावर कोरलेलें नांव घांसून टाकण्याला कल्हई म्हणणें होय. इरॅस्मस पौलाच्या नांवानें बोलला, पण त्यापूर्वीं त्यानें पौल अक्षर न् अक्षर वाचला होता. येथें कोणीच कांहीं वाचलेलें नसतें. उतारा देणाऱ्यानेंहि नाहीं, आणि घेणाऱ्यानेंहि नाहीं.

मग शाळेच्या कागदावरून हा प्रश्न काढून टाकावा काय? आमचें मत तसें नाहीं. तो अर्धाच विचारला जातो, एवढी त्याची उणीव आहे. कवितेचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा, हा त्याचा पहिला भाग राहूं द्यावा. त्यास जोडून, कोणत्या शब्दाला दुसरा शब्द सांपडला नाहीं व कां, हें दोन ओळींत विचारावें, आणि निम्मे गुण त्यासाठीं राखावे. मुलें आरंभीं भलतेच शब्द दाखवितील. नुसता कठीण शब्द तो न बदलणारा, असाच प्रथम समज होईल. होऊं द्यावा. पुढें कोणाच्या तरी ध्यानांत येईल कीं, कवितेंतला सर्वांत सोपा, दोन अक्षरी शब्दच हालत नाहीं. मार्गदर्शक पुस्तकें याचींहि उत्तरें छापतील हें खरें. पण साऱ्या वर्गाचें अडखळणें एकाच शब्दापाशीं झालेलें दिसलें तर परीक्षकाला निदान संशय येईल.

उरला मराठी प्रतिशब्दाचा प्रश्न. ‘भावार्थ’ हा शब्द जुना व गोड आहे. परंतु त्याला संक्षेपाची छटा आली असून मुलें तो तीन ओळींत उरकतात. ‘सारांश’ प्रेसीला द्यावा. ‘अर्थांतर’ म्हणावें तर अर्थच बदलला असा बोध होतो, आणि अर्थांतरन्यास अलंकार मध्येंच डोकें वर काढतो. ‘शब्दांतर’ त्यांतल्या त्यांत नेमका आहे. शब्द दुसरे, अर्थ तोच. शेजारीं बसण्याचा मूळ उपसर्गांतला अर्थ त्यांत उतरत नाहीं, तेवढी सोय छापखान्यानें करावी : खालीं शब्दांतराची आज्ञा, आणि मूळ कविता त्याच पानावर, वर, पूर्ण.